कोंबड्यांची विक्रीपूर्व रक्ततपासणी

जमीन विकत घ्यावयाची झाली म्हणजे आपण शेतकरी प्रथम सातबाऱ्याचा उतारा मागतों. ‘इतर हक्क’ या रकान्यांत कांहीं बोजा आहे कीं काय, हें पाहिल्यावांचून कोणीहि शहाणा मनुष्य विसार देत नाहीं. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें. ही सावधगिरी आमच्या अंगीं मुरलेली असावयास हवी होती. परंतु कोंबड्या घेतांना आम्हीं ती गुंडाळून ठेविली व त्याची शिक्षाहि भोगली.

सेवानिवृत्तीनंतर आम्हीं पंचवीस तलंगा व दोन कोंबडे विकत घेतले. तुरे लाल, पिसें तुळतुळीत. नांव ठेवण्यास जागा नव्हती. त्यांचीं अंडीं आम्हीं खुडूक कोंबड्यांखालीं बसविलीं आणि शेजारींहि दिलीं. पिल्लें निघालीं तीं पहिल्या आठवड्यांतच माना टाकूं लागलीं; शेपटाखालीं खडूसारखी पांढरी विष्ठा चिकटलेली असे. आमचीं निम्म्याहून अधिक पिल्लें गेलीं. शेजारणीचें तर डालगें रिकामें झालें. “भाऊसाहेब, तुमच्याकडचीं म्हणून विश्वासानें बसविलीं,” इतकेंच ती म्हणाली.

हा रोग म्हणजे ‘पांढरी हगवण’. शास्त्रांत त्यास पुलोरम म्हणतात. त्याचे जंतु लिओ रेट्टगर यांनीं अमेरिकेंत १८९९ सालीं शोधून काढले. या रोगाचें मर्म असें कीं, लहानपणीं त्यांतून वांचलेली तलंग पुढें धडधाकट दिसते, अंडींहि घालते. परंतु जंतु तिच्या अंडाशयांत ठाण मांडून बसतात व अंड्यावाटे पिल्लांत उतरतात. हा बोजा डोळ्यांस दिसत नाहीं. त्याची नोंद रक्तांत सांपडते.

ती नोंद वाचण्याची रीत सोपी आहे. मारलेल्या जंतूंचा जांभळ्या रंगाचा द्रव मिळतो. त्यास अँटिजेन म्हणतात. पांढऱ्या फरशीवर त्याचा एक थेंब ठेवून, पंखाखालील शीर टोंचून काढलेलें थोडें रक्त त्यांत मिसळावें व फरशी हलकेच डोलवावी. दोन मिनिटांच्या आंत जांभळे कण गोळा होऊन वेगळे दिसूं लागले, तर पक्षी सदोष समजावा. कोंबड्यांचा टायफॉईडहि याच परीक्षेनें उघडकीस येतो. आमच्या सत्तावीस पक्ष्यांपैकीं नऊ सदोष निघाले, आणि त्यांत आमचा सर्वांत देखणा कोंबडा होता!

काम पशुवैद्यकाकडूनच करवावें. पक्षी चार महिन्यांवरील असावेत व सर्वच तपासावेत. निवडक तपासून भागत नाहीं. सदोष पक्षी काढून खुराडें स्वच्छ करावें, आणि सुमारें महिन्याच्या अंतरानें उरलेल्यांची फेरतपासणी करावी. लागोपाठ दोन वेळां कळप निर्दोष ठरला, तरच अंडीं, पिल्लें वा पक्षी विकावेत. औषधानें मर कमी होते, परंतु दोष समूळ जात नाहीं. टर्कीस ही फरशीवरील परीक्षा भरंवशाची नाहीं. त्यांच्या रक्तांतील पाणी वेगळें काढून तपासावें लागतें.

इतका खटाटोप कशास, असें कोणी म्हणेल. अमेरिकेंत १९३५ सालीं राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना याच रोगाच्या निर्मूलनासाठीं सुरू झाली, आणि अशा चिकाटीनेंच तेथील व्यापारी कळप यांतून मुक्त झाले.

मात्र या परीक्षेनें मानमोडी अथवा बर्ड फ्लू कळत नाहीं. २००६ च्या फेब्रुवारींत नवापूर येथें बर्ड फ्लूनें केलेला अनर्थ वाचकांच्या स्मरणांत असेलच. एकाएकीं मर लागल्यास विक्री तत्काळ थांबवून पशुवैद्यकीय दवाखान्यांत खबर द्यावी.

आतां आम्ही विक्रीबरोबर एक कागद देतों: तपासणीची तारीख, तपासलेले पक्षी, सदोष निघालेले पक्षी व पशुवैद्यकाची सही. गेल्या हंगामांत शेजारणीस पुन्हां पिल्लें दिलीं, तीं हा कागद तिच्या हातीं ठेवूनच. वाचकहो, विकतांना असा कागद द्या. घेतांना तो मागण्यास संकोच करूं नका.