धुवायला दिलेली थापी

सकाळचे आठही वाजलेले नाहीत, तरी हिमायतनगरच्या चौकात ऊन टोचायला लागलं आहे. चहाच्या टपरीसमोर माणसं उकिडवी बसलेली. कुणाच्या पिशवीतून थापीची मूठ डोकावते, कुणाच्या पिशवीत नुसता डबा. मिस्तरी कोण, बिगारी कोण, ते पिशवीच सांगते.

कडेला अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा उभा आहे. डोक्याला कोरी दस्ती. मोटारसायकल थांबते, सगळे उठतात. दोघं जातात, बाकीचे पुन्हा बसतात. पोरगा बसत नाही. शेवटी एक वयस्कर मिस्तरी त्याला मानेनंच खूण करतो.

आदिलाबादकडे जाणाऱ्या रुळांपलीकडे घर उभं राहतंय. भिंती कमरेपर्यंत आल्यात. ५० किलोची सिमेंटची गोणी उचलताना पोराचे गुडघे थरथरतात.

"पाठ वाकवू नको. पायावर उचल."

पहिला धडा हाच.

पत्र्यावर माल कालवला जातो. एक घमेलं सिमेंट, सहा घमेली रेती. फावडं खरखरतं. मिस्तरी मधेच थांबवतो, विटांवर पाणी मारायला लावतो. "कोरडी इट मालातलं पाणी पिऊन टाकते. मग सांधा धरत नाही." पोरगा घमेलं भरतो, नेतो, रिकामं आणतो. किती फेऱ्या झाल्या, ते मीही मोजायचं सोडतो.

दुपारी सळ्यांना हात लागत नाही. लिंबाच्या सावलीत भाकरी, ठेचा, कांदा. बांधकामावर वर्षात ९० दिवस भरले की कामगार म्हणून नोंदणी होते. ही अट १९९६च्या कायद्यानं घातली. पण दिवस भरल्याचा दाखला हवा. त्यासाठी पोरगा खिशातल्या वहीत आजची तारीख लिहितो. पान कोरं आहे, ही पहिलीच ओळ.

जेवण उरकून मिस्तरी भिंतीला ओळंबा लावतो. गरम वाऱ्यानं तो डुलतो. पोरगा घाईनं म्हणतो, "मामा, बरोबर दिसतंय की."

"थांबू दे त्याला."

दोघं बघत राहतात. ओळंबा हळूहळू ठरतो. भिंत सुतभर बाहेर आहे. मिस्तरी वरची वीट थापीच्या मुठीनं ठोकून आत घेतो. हे कुठल्या दाखल्यावर लिहिलं जात नाही. ते या माणसाच्या नजरेत आहे, आणि शेजारी उभं राहिल्याशिवाय मिळत नाही. अशा उस्तादाच्या शेजारी जागा मिळाली, हे या पोराचं मोठं भाग्य आहे, असं मला मनापासून वाटतं.

संध्याकाळी सावल्या लांबतात. कालच्या थरांवर पाणी मारायचं काम पोराकडेच; सात दिवस तरी भिंत ओली राहायला हवी. तळहातांवर फोड आलेत. मिस्तरी हातपाय धुतो आणि थापी त्याच्यापुढे धरतो.

"धुऊन ठेव."

पोरगा ती ड्रमजवळ नेतो. पात्याला चिकटलेला माल नखानं काढतो. मग मूठ एकदा हातात नीट धरून बघतो, आणि पुसून मिस्तरीच्या पिशवीत ठेवतो.