नकली तबकडीआडचे यंत्र

पोटात काय? १९५३ साली अवतरलेल्या रोलेक्सच्या ‘सबमरीनर’चा तोरा हुबेहूब मिरविणाऱ्या नकलेचे मागचे झाकण फिरवून काढले, तर आत अनेकदा ‘ईटीए २८२४’ या स्विस यंत्राची चिनी प्रतिकृती आढळते. त्या यंत्राच्या एकस्वाची मुदत केव्हाच सरल्यामुळे आक्षेप यंत्राला नसून तबकडीवरील परक्या नाममुद्रेला असतो.

ठोके : हे यंत्र ताशी २८,८००, म्हणजे सेकंदास ८ ठोके देते, म्हणून क्वार्ट्झ घड्याळात सेकंदागणिक एकच उडी घेणारा काटा येथे जवळजवळ अखंड सरकताना भासतो.

हातचलाखी : डोळ्याला भिंग, बोटांवर रबरी टोप्या आणि काटे उपटताना तबकडीवर ओरखडा उठू नये म्हणून मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, एवढ्या सरंजामानिशी बसलेल्या हौशी माणसाने बॅलन्स चक्रालगतची नियामक दांडी केसभर हलविली, तरी दिवसाकाठी कित्येक सेकंदांची तफावत पडते.

कायदा : भारतात व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ अन्वये बनावट चिन्ह लावणारा वा तसा माल विकणारा इसम ६ महिने ते ३ वर्षे कैदेस आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडास पात्र ठरतो, स्वित्झर्लंडमध्ये तर १ जुलै २००८ पासून प्रवाशाच्या मनगटावरील खाजगी नक्कलही जकात अधिकारी जप्त करून नष्ट करू शकतात.

निर्वेध वाट : घाट जुना, परंतु तबकडीवर स्वतःचेच नाव असलेले ‘होमेज’ घड्याळ.