परत फिरणं आणि उपकार आठवणं



आज आपण दोन शब्दांबद्दल बोलू. एक पश्चात्ताप आणि दुसरा कृतज्ञता. हे शब्द सगळ्याच धर्मांत आहेत, पण आज आपण ते ख्रिस्ती परंपरेत कसे समजले जातात ते पाहणार आहोत. आपल्या कितीतरी गटांत ख्रिस्ती मैत्रिणी आहेत. बैठकीत शेजारी शेजारी बसतो, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतो, पण उपवासकाळात त्या काय करतात, कपाळाला राख का लावतात, हे आपल्याला ठाऊक नसतं आणि विचारायला संकोच वाटतो. आम्ही इथे कुणाला धर्म शिकवायला बसलेलो नाही. पण या परंपरेत या दोन गोष्टींवर फार बारकाईनं विचार झालेला आहे, आणि मनाला लागलेली जखम भरून येण्याशी त्याचा जवळचा संबंध आहे.

आधी राखेचं सांगून टाकू. ईस्टरच्या आधी सुमारे चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जपून ठेवतात, त्या जाळून राख करतात आणि तिचा क्रूस कपाळावर काढतात. वसईत, गोव्यात कॅथलिक गावांतून हे दिसतं. कॅथलिक माणूस धर्मगुरूंपुढे पापाची कबुली देतो आणि ऐकलेलं कुणालाही न सांगण्याचं कडक बंधन धर्मगुरूंवर असतं. प्रोटेस्टंट मंडळींत अशी कबुली बहुधा थेट देवापाशीच प्रार्थनेत देतात. रीत वेगळी, पण मूळ कल्पना एकच.

ती कल्पना काय, हे शब्दातूनच कळतं. आपल्या मराठीतला पश्चात्ताप म्हणजे नंतर होणारा ताप, मागाहून होणारी जळजळ. बायबलचा नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्यातला शब्द आहे मेटानोइया, म्हणजे मन पालटणं. जुना करार हिब्रू भाषेतला. तिथे जो शब्द येतो त्याचा अर्थ सरळ सरळ मागे फिरणं, परत येणं असा आहे. वाट चुकलेला माणूस जसा वळतो, तसं. म्हणजे जळजळ ही फक्त सुरुवात. नुसतं रडत रस्त्यात बसून राहिलं तर घर जवळ येत नाही, पाय वळवावे लागतात.

यार्देन नदीकाठी बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे लोक यायचे आणि विचारायचे, आता आम्ही काय करावं? लूकच्या शुभवर्तमानात त्याची उत्तरं आहेत आणि ती फार व्यवहारी आहेत. दोन अंगरखे असतील त्यानं एक नसलेल्याला द्यावा. जकातदारानं ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायानं कुणाला धमकावून पैसे उकळू नयेत. उपास कर, डोकं आपट, असं त्यात कुठेच नाही. ज्याचा जो धंदा, त्या धंद्यातला खोटेपणा त्यानं सोडायचा.

त्याच पुस्तकात पुढे जक्कयची गोष्ट आहे. ही आपल्या गटातल्या हिशेब ठेवणाऱ्या बायकांना नक्की आवडेल. जक्कय यरीहो गावातला मुख्य जकातदार होता, पैसेवाला. उंचीनं बुटका, म्हणून गर्दीत येशू दिसेना, तेव्हा हा एवढा मोठा माणूस पळत पुढे गेला आणि उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूनं वर पाहिलं, त्याला नावानं हाक मारली आणि म्हणाला, आज मी तुझ्याच घरी उतरणार. लोक कुरकुरले. लोकांना लुबाडणाऱ्याच्या घरी हा जेवायला जातो! त्यावर जक्कय उभा राहिला आणि त्यानं सांगितलं की माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कुणाचं काही फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो.

आता हे चौपट कुठून आलं? मोशेच्या नियमशास्त्रात दोन हिशेब आहेत. फसवून घेतलेलं स्वतः कबूल करून परत करायचं असेल तर मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे शंभर रुपयांचे एकशेवीस. पण कुणी मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं, तर एकाबद्दल चार. जक्कयला शंभराला एकशेवीस देऊन सुटता आलं असतं. त्यानं चोराचा हिशेब स्वतःला लावला, शंभराला चारशे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. येशू घरी आला तो ही कबुली देण्याच्या आधी. आधी माणूस म्हणून जवळ केलं गेलं आणि मग त्याचा हात तिजोरीकडे गेला. ख्रिस्ती शिकवणीत याला कृपा म्हणतात. शिक्षेच्या भीतीनं माणूस लपवतो, जवळ केल्यावर कबूल करतो. पोरांच्या बाबतीत हे आपण रोज पाहतोच.

इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे, कारण बायकांच्या बाबतीत या शब्दाचा एक उलटा वापर होतो. जिच्यावर अन्याय झाला तिलाच पश्चात्ताप करायला लावतात. नवऱ्यानं टाकलं, तुझंच काही चुकलं असेल. मूल दगावलं, कुठल्या तरी पापाचं फळ. कुणी अंगाला हात लावला, तू त्या वाटेनं गेलीसच का? आणि ऐकून ऐकून बाईला ते खरं वाटू लागतं. हा पश्चात्ताप नव्हे. ही दुसऱ्यानं डोक्यावर ठेवलेली लाज आहे. केलेल्या चुकीपासून मागे फिरता येतं, पण जे आपण केलंच नाही त्यापासून फिरणार कुठे?

योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीवरची गोष्ट आहे. भर दुपारी एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. विहिरीपाशी येशू दमून बसलेला आहे आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहुदी लोक शोमरोन्यांच्या भांड्यातलं पाणी पीत नसत. पाणवठ्यावरची शिवाशिव काय असते, हे आपल्याकडच्या बायांना वेगळं सांगायला नको. बोलता बोलता निघतं की तिचे पाच नवरे झाले आणि आता आहे तो तिचा नवरा नव्हे. वारले की त्यांनी सोडून दिलं, गोष्टीत सांगितलेलं नाही. पण त्या काळी सोडचिठ्ठी देणं पुरुषाच्या हातात असे, हे ध्यानात ठेवून ती गोष्ट वाचावी. येशू तिला रागावत नाही, तिच्याकडून माफी वदवून घेत नाही. तिच्याशी तो देवाबद्दल बोलतो, उपासना कुठे आणि कशी करावी याबद्दल बोलतो. ती घागर तिथेच टाकून गावात जाते आणि सगळ्यांना बोलावून आणते. त्या गावात येशूची ओळख पहिल्यांदा करून दिली ती हिनं.

या गोष्टीशी महाराष्ट्राचा एक धागा जोडलेला आहे. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथल्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळ फुलम इथे आपलं एक काम दाखवलं. ज्यांना समाज वाईट चालीच्या म्हणून वाळीत टाकत होता, अशा बायकांसाठीचं ते घर होतं. बायकांनीच अशा बायकांना जवळ करून सांभाळावं, हे रमाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. तुम्ही हे का करता, असं त्यांनी एका जोगिणीला विचारलं. तिनं उत्तरादाखल हीच शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली. त्याच वर्षी सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे पुणे जिल्ह्यात दौंडजवळच्या केडगावात त्यांनी मुक्ती उभारली आणि तिथे अशा बायकांसाठी कृपासदन हा वेगळा विभाग काढला. नावातच कृपा आहे. नुसत्या प्रार्थनेवर त्या थांबल्या नाहीत. मुक्तीतल्या बायका विणकाम शिकल्या, शेती करू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं सोपं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी जुळवून छापलं. नवं आयुष्य म्हणजे हाताला काम आणि डोक्यावर छप्पर, हे त्या ओळखून होत्या.

आता दुसरी अडचण. मारझोड करणारा नवरा सकाळी पाया पडतो, रडतो, आणि महिन्याभरात पुन्हा हात उचलतो. मग घरचे म्हणतात, माफ कर, देव माफ करतो. जक्कयचा हिशेब इथे लावून पाहा. रडणं झालं, पण परत काय दिलं? वाट बदलली का? मनातला राग सोडणं हा तुमचा प्रश्न आहे, त्याला वेळ लागेल तेवढा लागू दे. पण माफ करणं म्हणजे पुन्हा त्याच घरात मार खायला जाणं नव्हे. घरगुती हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा फोन आहे, आणि ख्रिस्ती बाईनंही तो लावण्यात काही पाप नाही.

आणि जिला आपलंच सगळं चुकलं असं दिवसरात्र वाटत राहतं, झोप लागत नाही, अन्न जात नाही, जीव नकोसा होतो, तिला आधी डॉक्टरची गरज आहे. तो आजार असू शकतो. सरकारी टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, त्यावर फुकट बोलता येतं. प्रार्थना सोडा असं आम्ही म्हणत नाही, प्रार्थनेसोबत हेही करा.

आता कृतज्ञतेकडे येऊ. दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट लूकमध्येच आहे. गावाबाहेर राहणारे दहा जण लांबूनच येशूला हाक मारतात. तो त्यांना याजकाकडे जाऊन दाखवा म्हणतो, कारण रोग गेला हे याजकानं ठरवल्याशिवाय गावात परत घेत नसत. वाटेतच ते बरे होतात. नऊ जण पुढे जातात, एक माघारी येतो आणि पाया पडून आभार मानतो. तो असतो शोमरोनी, परका. पाहा, इथेही मागे फिरणंच आहे. चूक केलेला माणूस फिरतो तो पश्चात्ताप, आणि मिळालेला माणूस फिरतो ती कृतज्ञता. बरे दहाही झाले, पण देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहणारा एकच. (जाता जाता, आज कुष्ठरोग औषधानं पूर्ण बरा होतो. सहा किंवा बारा महिन्यांचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. अंगावर बधिर चट्टा दिसला तर लपवू नका.)

कृतज्ञ राहा असं बाईला सांगणं फार सोपं असतं. दोन वेळचं मिळतंय ना, मग तक्रार कसली! तसली कृतज्ञता आम्हाला मान्य नाही, आणि बायबलमध्येही ती तशी नाही. अनुवाद नावाच्या पुस्तकात शेतकऱ्यासाठी एक विधी दिला आहे. पहिलं पीक टोपलीत घालून देवापुढे न्यायचं आणि आपली कहाणी बोलून दाखवायची. आमचा पूर्वज भटका होता, परमुलखात आम्ही गुलाम झालो, आम्हाला छळलं गेलं, मग सुटका झाली आणि ही जमीन मिळाली, म्हणून हे पीक आणलं. म्हणजे आभार मानताना हाल झाकायचे नाहीत, मोठ्यानं सांगायचे. आणि मग ज्याला जमीन नाही त्याला, गावात राहणाऱ्या परक्याला सोबत घेऊन आनंद करायचा. दर तिसऱ्या वर्षी पिकाचा दहावा भाग परका, अनाथ आणि विधवा यांना द्यायचा.

रमाबाईंनी हेच केलं, असं आम्हाला वाटतं. लहान वयात दुष्काळात त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण गेली होती. १८९६–९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायकांना घेऊन आल्या. स्वतः भूक सोसली होती म्हणून ही भूक बघवली नाही, अशा अर्थाचं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आपण वाचलो याचे आभार त्यांनी असे मानले.

पश्चात्ताप आणि कृतज्ञता एकमेकींना कुठे भेटतात, तेही मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन अर्पण दे. थोडक्यात, देवाचे आभार मानायची घाई नाही, देव थांबेल. ज्याचं आपण दुखावलंय तो आधी.

आपल्याकडे मराठी चर्चमध्ये पीक हाती आल्यावर कापणीचा सण करतात, त्याला उपकारस्तुतीचा सण असंही म्हणतात. कुणी ज्वारीचं पोतं आणतं, कुणी भोपळा, कुणी कोंबडी, कुणाकडे काहीच नसेल तर चार अंडी. उपासना झाली की आवारात त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि बाजारात मिळेल त्याहून जास्त बोली लोक हौसेनं लावतात. तुमच्या गटातल्या मैत्रिणीच्या गावी असा सण असेल तर तिला विचारून जरूर जा, आणि जाताना परसातलं काही सोबत न्या.