माशाच्या डोक्यातला खडा वय सांगतोय



ढोम्याचं डोकं चोखताना दाताखाली पांढरा खडा लागतो, हे घरोघरी माहीत आहे. गोवा-मालवणकडून बेळगावात येणाऱ्या ढोमा, घोळ या जातींत तो चांगला मोठा असतोय. पोरं धुऊन खेळायला घेतात, बाकी आपण हाड समजून टाकून देतो. पण ते हाड नव्हे. तो माशाच्या कानातला खडा आहे, आणि त्यात त्या माशाचा जन्मापासूनचा हिशेब लिहिलेला असतो.

माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण कवटीच्या आत दोन्ही बाजूंना असतात. एका बाजूला तीन, मिळून सहा खडे. तोल सांभाळायला आणि ऐकायला ते लागतात. शिंपल्यासारखेच ते चुन्याचे असतात आणि मासा जिवंत असेपर्यंत त्यांच्यावर थर चढत राहतात. खवला गळला की नवा येतो, उपासमारीत त्याची कडाही झिजते. खड्यावर एकदा चढलेला थर मात्र जात नाही. म्हणून वय बघायचं तर खवल्यापेक्षा खड्यावर भरवसा जास्त. खडा मधोमध कापून, घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की झाडाच्या खोडात दिसतात तशी कडी दिसतात. वाढीच्या दिवसांत रुंद पट्टा, वाढ मंदावली की अरुंद.

ही कडी मोजून वय काढायची रीत जर्मनीत रायबिश यांनी 1899 साली दाखवली. पुढं 1971 मध्ये पॅनेला यांनी दाखवलं की खड्यात रोजची एकेक बारीक रेघही असते. म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाचं वय दिवसांत सांगता येतं.

आपल्या बाजूलाही हे काम जुनं आहे. मुंबईच्या घोळीवर सुब्बा राव यांनी आणि कोथ माशावर कुट्टी यांनी खवले आणि खडे तपासून वय काढायचा अभ्यास केला. दोन्ही लेख ‘इंडियन जर्नल ऑफ फिशरीज’मध्ये 1961 च्या खंडात आहेत. मात्र आपल्याकडे एक अडचण आहे. थंड देशात हिवाळा कडक, त्यामुळं वर्षाचं कडं ठळक उमटतं. इथं पाऊस, खाद्य, अंडी घालायचा काळ यांवर कडं ठरतं, आणि ते फिकट असतं. म्हणून दर महिन्याला मासे घेऊन, नवं कडं नेमकं कधी पडतं हे आधी तपासावं लागतं.

वय चुकलं तर काय होतं? ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या खोल समुद्रात ऑरेंज रफी नावाचा मासा आहे. सुरुवातीला त्याचं आयुष्य बेताचं धरलं आणि तो बेसुमार पकडला. खडे नीट तपासल्यावर कळलं की तो शंभरी ओलांडतो आणि वयात यायलाच त्याला वीसहून जास्त वर्षं लागतात. तोवर साठे बसले होते. गोड्या पाण्यातलं उदाहरण अमेरिकेचं. बिगमाउथ बफेलो हा मासा 112 वर्षांपर्यंत जगतो, हे 2019 साली खड्यांवरूनच सिद्ध झालं. त्याआधी पंचवीस-सव्वीस वर्षं म्हणजे त्याचं म्हातारपण, असा समज होता.

आता आपल्या तळ्यांचं बघू. जाळ्यात अर्धा किलोचा मासा आला की वाद सुरू होतो. एक म्हणतो सोडून द्या, अजून वाढेल. दुसरा म्हणतो हा एवढाच राहणार. दोघांचंही खरं असू शकतं. तो मासा एका वर्षाचा असेल तर सोडण्यात फायदा आहे. चार वर्षांचा असून एवढाच राहिला असेल तर तळ्यात गर्दी झाली आहे, खाद्य पुरत नाही, तिथं काढणीच वाढवायला हवी. चिलापीचं तर हमखास असंच होतं. काट्यावर दोन्ही मासे सारखेच भरतात, फरक खड्यातच कळतो. जाळ्याचा डोळा किती ठेवायचा हे नुसत्या आवाजावर ठरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बीज सोडल्यावर ते जगलं का वाहून गेलं, हाही आपला नेहमीचा प्रश्न. अलास्कात सामन माशाच्या अंडी-पिल्लांना सोडण्याआधी ठरवून गार-कोमट पाणी देतात. त्यानं खड्यात ठराविक रेघा उमटतात, आणि पुढं मोठा मासा सापडला की तो कुठल्या केंद्राचा ते कळतं.

अहीर माशाची गोष्ट तर आपल्या तालुक्याला लागूच आहे. तो समुद्रात जन्मतो, नदीत वाढतो आणि अंडी घालायला परत समुद्रात जातो. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त असतं, त्याची खूण खड्यात राहते. म्हादई इथून पश्चिमेला गोव्याकडं उतरते. कणकुंबीची मलप्रभा मात्र कृष्णेला मिळते, आणि त्या वाटेवर नविलुतीर्थ, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी धरणं उभी आहेत. दोन्ही नद्यांच्या अहिराचे खडे शेजारी ठेवून बघायला हवेत.

ज्यांना खडे जमवायचे असतील त्यांनी ढोम्यापासून सुरुवात करावी, तो सोपा. रोहू-कटल्याचे खडे बारीक असतात, चिमटा लागतो आणि धीरही. मासा कापायच्या आधी लांबी आणि वजन घ्या. तारीख, ठिकाण, जाळ्याचा डोळा लिहा. नोंद नसलेला खडा कुणाच्या कामाचा नाही. खडा साध्या पाण्यात धुऊन, वाळवून कागदी पाकिटात ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, त्यातल्या आम्लानं तो विरघळतो.