गिअर अडतोय? आधी दोष ओळखा

सकाळची घाई. मुलांना शाळेत सोडून पुढे ऑफिस गाठायचे असते. सिग्नल हिरवा होतो, पण पहिला गिअर काही केल्या पडत नाही. मागून हॉर्न वाजू लागतात. दांडा जोराने रेटावा, तर आतून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. कसाबसा गिअर पडतो, गाडी पुढे सरकते. मनात मात्र एकच धास्ती, गिअरबॉक्स गेला की काय!

संध्याकाळी गॅरेजवाल्याने ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असे सांगितले, की घरखर्चाचा हिशेबच कोलमडतो. पण होकार देण्याआधी जरा थांबा. जुन्या गाडीत गिअर नीट पडत नाही, म्हणजे गिअरबॉक्सच बिघडला असे नाही. अनेकदा दोष बाहेरच्या एखाद्या लहानशा भागात असतो आणि तो थोडक्या खर्चात दूर होतो.

गिअर पडतो कसा?

कित्येक घरांची पहिली गाडी असलेल्या मारुती ८०० चेच उदाहरण घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. जपून वापरलेल्या गाड्या आजही दिसतात. या गाडीत हातातला दांडा आणि गिअरबॉक्स यांना एक रॉड जोडतो. त्याच्या सांध्यांत बुश असतात. क्लचचे पेडल दाबले की केबल ओढली जाते आणि इंजिनाचा गिअरबॉक्सशी असलेला संबंध तात्पुरता सुटतो. म्हणजे दोष तीन ठिकाणी असू शकतो : क्लच, रॉड किंवा खुद्द गिअरबॉक्स.

घरच्या घरी परीक्षा

गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करा. हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. मग ब्रेकवर पाय ठेवून इंजिन सुरू करा आणि क्लच पूर्ण दाबून पुन्हा तेच करा.

• इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात, पण सुरू असताना अडतात : बहुधा क्लच पूर्ण सुटत नाही. केबल सैल झाली असेल किंवा तिच्या तारा तुटू लागल्या असतील. बऱ्याचदा केबलचे नट फिरवून ताण नीट केला की काम भागते.

• दोन्ही वेळा अडतात, दांडा ढिला लागतो, कोणता गिअर कुठे आहे तेच कळत नाही : रॉडचे बुश झिजलेले असण्याची शक्यता जास्त.

• एकच गिअर, समजा दुसरा, टाकताना खरखरतो, बाकीचे ठीक : आतल्या पितळी कड्या झिजल्या असाव्यात. दोन चाकांचा वेग जुळवून गिअर अलगद बसवणे हे त्यांचे काम. इथे मात्र गिअरबॉक्स उघडावाच लागतो.

• चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटतो : हे दुखणे अंगावर काढू नका. घाटाच्या उतारावर गिअर सुटला तर इंजिनाचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. रॉड, इंजिनाचे माउंटिंग आणि गिअरबॉक्स, तिन्ही लगेच तपासून घ्या.

रिव्हर्स टाकताना थोडी खरखर झाली तर लगेच घाबरू नका. बहुतेक जुन्या गाड्यांत रिव्हर्सला वेग जुळवणारी कडी नसते. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग गिअर टाका. एवढे करूनही आवाज येत असेल, तर क्लचकडे लक्ष द्या. पहिला गिअर अडला तर आधी दुसरा टाकून मग पहिला टाकावा. निदान चौकातून सुटका होते.

गॅरेजमध्ये गेल्यावर

केवळ ‘गिअर खराब झालाय’ असे सांगू नका. कोणता गिअर, गाडी थंड असताना की गरम, इंजिन सुरू असताना की बंद, हे नेमके सांगा. आधी केबल, बुश आणि गिअर ऑइलची पातळी पाहायला सांगा. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत दिले असेल तेच घाला. क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी तपासून घ्या. पुन्हा उतरवण्याची मजुरी वाचेल. बदललेले जुने भाग मागून पाहायला संकोच करू नका.

या सवयी सोडा

गाडी चालवताना डावा पाय क्लचवर टेकवून ठेवल्यास प्लेट आणि बेअरिंग लवकर झिजतात. चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवण्यापेक्षा हँडब्रेक वापरा. हात सतत दांड्यावर ठेवला, तर त्याचा दाब आतल्या भागांवर पडतो.

जुनी गाडी घरातल्या वडीलधाऱ्यांसारखी असते. ती कुरकुरू लागली तर जोर करू नका, काय दुखते आहे ते आधी विचारा. वेळीच ऐकले, तर ती आणखी बरीच वर्षे साथ देईल.