कंपायलरची निवड आणि प्रोसेसरच्या कार्यक्षमता-चाचण्यांची निष्पक्षता

प्रस्तावना :
संगणक खरेदी करताना बेंचमार्क चाचणीतील गुणांक हा निर्णायक आधार मानला जातो. हा गुणांक केवळ प्रोसेसरचा असतो, ही समजूत मात्र तपासून पाहणे आवश्यक आहे. सी किंवा फोरट्रान भाषेत लिहिलेला चाचणी-प्रोग्रॅम प्रोसेसरला थेट समजत नाही. कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. एकाच मूळ प्रोग्रॅमपासून दोन कंपायलर भिन्न यंत्रसूचना निर्माण करतात व त्याच यंत्रावर लागणारा वेळ बदलतो. म्हणजेच मोजमाप होते ते प्रोसेसर व कंपायलर या जोडीचे. या जोडीमुळे निष्पक्षतेला केव्हा बाधा येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उत्पादकाच्या नावाची तपासणी :
इंटेल कंपनीचा कंपायलर एकाच कार्यासाठी यंत्रसूचनांच्या एकाहून अधिक आवृत्त्या तयार करू शकत असे. त्यांपैकी कोणती वापरावयाची, हे प्रोग्रॅम चालू होताना सीपीयूआयडी या सूचनेच्या साहाय्याने ठरे. प्रोसेसरला कोणते सूचनासंच अवगत आहेत, एवढे विचारणे तेथे पुरेसे होते. परंतु ‘जेन्युइनइंटेल’ हे बारा अक्षरचिन्हांचे नावही तपासले जाई. ते न आढळल्यास, एएमडीच्या प्रोसेसरला एसएसई२ सूचना अवगत असूनही, मंद आवृत्ती निवडली जाई. डेन्मार्कचे अभ्यासक आग्नर फॉग यांनी याची सविस्तर नोंद केली आहे. हे नाव किती परिणाम घडविते, हे २००८ मध्ये वेगळ्या रीतीने दिसले. व्हिया नॅनो या प्रोसेसरचे नाव बदलता येत असे. ते ‘जेन्युइनइंटेल’ करताच पीसीमार्क २००५ मधील स्मृती-चाचणीचा गुणांक सुमारे ४७ टक्क्यांनी वाढला. प्रोसेसर तोच होता!

एएमडीने २००५ मध्ये इंटेलविरुद्ध दावा दाखल केला. त्याची तडजोड नोव्हेंबर २००९ मध्ये १२५ कोटी डॉलरवर झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या २०१० मधील आदेशानुसार, इतर उत्पादकांच्या प्रोसेसरसाठी आपला कंपायलर तितकीच सुधारणा करेलच असे नाही, हे ग्राहकांना कळविणे इंटेलवर बंधनकारक झाले.

चाचणी ओळखणारा कंपायलर :
१९८८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेच्या पहिल्या संचातील मॅट्रिक्स३०० हा प्रोग्रॅम, कंपायलरांनी त्यातील आवर्तनांची फेरमांडणी केल्यावर, अनेक पटींनी वेगाने चालू लागला व १९९२ च्या संचातून तो वगळावा लागला. प्रस्तुत लेखकाच्या मते यास लबाडी म्हणता येणार नाही, कारण तीच फेरमांडणी मॅट्रिक्सच्या इतर प्रोग्रॅमनाही लाभदायक ठरते. २०२४ मधील प्रकरण वेगळे आहे. इंटेलच्या कंपायलरने झॅलनबीएमके या चाचणी-प्रोग्रॅमच्या पूर्वज्ञानावर आधारित सुधारणा केल्याचे आढळल्याने स्पेकने २६०० हून अधिक निकालांवर तशी टीप जोडली.

सर्वांसाठी एकच कंपायलर वापरावा, हा उपाय सुचतो खरा. पण जीसीसीसारखा मुक्त कंपायलरही प्रत्येक प्रोसेसरसाठी सारखाच परिपक्व नसतो. स्पेकची पद्धत अधिक समंजस आहे. ‘बेस’ निकालात एका भाषेतील सर्व प्रोग्रॅमना एकसारखेच पर्याय लावावे लागतात, तर ‘पीक’ निकालात प्रत्येकाला स्वतंत्र पर्याय चालतात. कंपायलरची आवृत्ती व पर्याय निकालासोबत प्रसिद्ध होतात. ज्या प्रयोगशाळेतील प्रोग्रॅम जीसीसीनेच यंत्रभाषेत आणले जातात, तिच्या दृष्टीने उत्पादकाच्या कंपायलरने मिळविलेला गुणांक मर्यादित उपयोगाचा आहे. जीसीसीचे बेस निकाल उपलब्ध असल्यास तिने त्यांचीच तुलना करावी.