जोर न लावता र

वरच्या दातांच्या मागे जीभ नेली की हिरडीचा एक उंचवटा लागतो. मराठी र तिथे घडतो. ‘वारा’ म्हणताना जिभेचं टोक त्या जागी निमिषभर टेकतं आणि सुटतं. ‘र्‍र्‍र्‍’ असा लांबवला तर ते अनेकदा टेकतं, पण तेव्हा जीभ आपण हलवत नसतो. टोक सैल सोडलेलं असतं आणि छातीतून येणारा श्वास ते फडफडवतो. स्नायूंच्या जोरावर ही फडफड साधत नाही. बोबडा र सुधारण्याचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं, हे मला एका स्पीच थेरपिस्टच्या खोलीत बसल्यावर कळलं.

पालकांच्या परवानगीने मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर होतो. समोर दुसरीतला मुलगा. रिक्षाला ‘लिक्षा’ म्हणणारा, दोरीला ‘दोली’. त्याची श्रवणचाचणी आधीच झाली होती. नीट ऐकू येत नसेल तर उच्चारांच्या सरावाला पायाच राहत नाही. जीभ खाली चिकटलेली असावी, अशी आईची शंका. आजीने लहानपणी वेखंडही उगाळून लावलं होतं. थेरपिस्टने त्याला जीभ बाहेर काढायला लावली, वर न्यायला लावली, मग ‘लाल’ म्हणायला सांगितलं. ‘ल’ स्वच्छ आला. “टोक वर पोचतंय. कापाकापीची गरज नाही,” ती आईला म्हणाली.

पहिला भाग ऐकण्याचा. टेबलावर चित्रांच्या जोड्या: चार आणि चाल, रात आणि लात, गार आणि गाल. ताई शब्द म्हणणार, त्याने चित्रावर बोट ठेवायचं. मग तिने मुद्दाम रिक्षाच्या चित्राला ‘लिक्षा’ म्हटलं. “ताई, चुकलं!” तो खूश होऊन ओरडला. दुसऱ्याची चूक त्याला लगेच ऐकू येत होती, स्वतःची येत नव्हती. त्यासाठी त्याचे शब्द मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवले. कान तयार झाल्याशिवाय जिभेला काय शोधायचं ते कळत नाही.

मग आरसा आला. स्पॅच्युलाच्या टोकावर मधाचा थेंब घेऊन तिने तो उंचवट्यावर टेकवला आणि जिभेला जागा सापडली. पुढची पायरी ‘अडा-अडा-अडा’. दोन स्वरांमधला ड झटकन म्हटला की जीभ जवळपास र सारखीच उडते. टोक जरा पुढे आणलं की काम होतं. ‘त्र’ आणि ‘द्र’ही मदतीला येतात. जोडाक्षरं अवघड असतात असा आपला समज, पण इथे त-दसाठी टोक आधीच वर गेलेलं असतं.

एकदा खरा र निसटून आला. पुन्हा आणायला गेला तर मुलाची हनुवटी पुढे आली, मान ताठली आणि ल परतला. थेरपिस्टने शब्द थांबवले. दोघांनी ओठांनी ‘ब्र्‍र्‍र्‍’ करत बाइक चालवली, खांदे हलवले, आणि मगच पुन्हा ‘अडा’. ती विश्रांती नव्हती, उपचाराचाच भाग होता.

यापुढची शिडी जुनी आहे. स्वतः तोतरेपणाशी झगडलेले अमेरिकन वाचातज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी मांडलेला हा क्रम: आधी ऐकणं, मग सुटा ध्वनी, अक्षर, शब्द, वाक्य आणि शेवटी गप्पा. मराठीत त्यात रा-री-रू येतात, ‘रस’, ‘गरम’, ‘घर’ अशा जागा येतात, पुढे ‘सूर्य’ आणि ‘प्रकाश’. एक पायरी पक्की झाल्यावरच दुसरी.

अनेक पालक इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून घरी सराव घेतात. तिथल्या इंग्रजी र मध्ये जिभेचं टोक वर कुठेच टेकत नाही. मराठी मुलाला तो शिकवला तर श्रम वाया जातात आणि गोंधळ वाढतो.

घरचं काम मोजकं, पण सगळ्यात लांबचा टप्पा तोच. रोज पाच-दहा मिनिटं, ठरलेले शब्द, जमलेल्या पायरीवरचेच. एरवी मुलाला मध्येच अडवायचं नाही. तो ‘लिक्षा आली’ म्हणाला तर ‘हो, रिक्षा आली, चल’ एवढंच. पाहुण्यांसमोर ‘र म्हणून दाखव’ म्हटलं की जीभ ताठते, आणि ताठ जिभेतून र येत नाही. घरातला धाक थेट उच्चारात उतरतो.

र उशिरा येणाऱ्या ध्वनींपैकी आहे, म्हणून चार वर्षांच्या मुलामागे लागू नये. सहा-सात वर्षांनंतरही तो आला नाही तर मात्र ‘होईल आपोआप’ म्हणत बसू नये. मुंबईत वांद्र्याला 1983 पासून वाचा-श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. इतरत्र जाताना थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे विचारावं. उशीर झाला तर वर्गात हसं होईल म्हणून मुलं र असलेले शब्दच टाळू लागतात, आणि मग हात वर करणंही. उच्चार सुधारायला काही महिने लागतात. बोलण्याची हौस एकदा गेली तर ती परत आणणं फार कठीण. त्यामुळे मूल काय सांगतंय ते आधी पूर्ण ऐकावं, र नंतर बघावा.